बोलनळी

घसरगुंडीच्या नळीत अडकलेली बाई बाहेरून कशी दिसते ते मला ठाऊक नाही, कारण मी आत होते.

भाची वर गेली आणि खाली यायला तयार होईना, म्हणून मी तिला आणायला चढले. जाळीवरून, रबरी पायऱ्यांवरून, शेवटी गुडघ्यांवर रांगत. मी पोचले तोवर ती मला वळसा घालून पसार झाली होती. मग सोपा रस्ता म्हणून मी हिरव्या घसरगुंडीत पाय सोडले. ही घसरगुंडी फक्त चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे असं बाहेर लिहिलं होतं. ते मी नंतर वाचलं.

दुसऱ्या वळणावर थांबले. पुढे जाता येईना, मागेही येता येईना.

खाली भाचीने भोकाड पसरलं. "माऊ अडकली! माझी माऊ अडकली!"

कुणाची तरी पावलं धावत आली. मग पुरुषाचा आवाज, शांत. "रडू नकोस. केवढी आहे माऊ?"

"मोठी."

"रंग?"

"पिवळा." माझे कपडे पिवळे होते.

"चावते का?"

भाची जरा विचारात पडली असावी. "नाही. ती दात बनवते."

नळीच्या तोंडातून आधी टॉर्चचा उजेड आला, मग जाड हातमोजा घातलेला एक हात. "ये… ये माऊ, ये… भूक लागलीय का तुला?"

"लागलीय," मी म्हणाले.

टॉर्च खाली पडला.

भाची अजून हुंदके देत होती. मी तिला आतूनच ओरडून सांगितलं, "घाबरू नकोस गं. मी आहे इथे. मी कुठे जात नाही." माझा आवाज नळीत गोल फिरून मलाच परका वाटला. आणि बाहेर एकदम सगळं चिडीचूप झालं. मग तो माणूस अगदी हळू म्हणाला, "पुन्हा बोला."

"काय?"

"आत्ता जे बोललात ते. पुन्हा एकदा…"

"अहो, आधी मला काढा. मग भाषण करते."

त्याने पान्याने सांध्याचे नट सोडवले, नळीचा अर्धा भाग बाजूला केला आणि मी धपकन गादीवर आले. पस्तिशीचा असेल. निळा डगला, कमरेला हत्यारांचा पट्टा. मला वाटलं, आता हा पोट धरून हसणार. पण तो हसत नव्हता. रिकाम्या घरात कुणी आपलं नाव घेतलं की माणूस जसा बघेल, तसा तो माझ्याकडे बघत होता. चेहरा आमच्या दातांच्या लॅबमधल्या प्लॅस्टरसारखा पांढरा.

"मला वाटलं, मांजर आहे," तो म्हणाला.

"सगळ्यांना वाटतं. मावशीचं माऊ झालंय."

मग तो हसला. ओठ मिटून.

ताईची हॉस्पिटलातली ड्यूटी सकाळची, भाऊजी कायम दौऱ्यावर, आणि आमची लॅब बुधवारी बंद. त्यामुळे दर बुधवारी सकाळी भाची माझ्याकडे. वय वर्षे चार. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिला दमवायला मी त्या खेळघरात न्यायला लागले होते.

खेळघर म्हणजे गोदामांच्या गल्लीतला एक उंच हॉल. खिडक्या नाहीत. आत तीन मजली सांगाडा – जाळ्या, बोगदे, लोंबते गोळे – आणि एका कोपऱ्यात रंगीत चेंडूंचा हौद. शनिवार-रविवारी म्हणे कान किटतात. बुधवारी सकाळी मात्र भिंगरी एकटीच असायची. एकट्या मुलासाठी एवढं मोठं खेळघर… बघवत नाही. मूल बोगद्यात शिरलं की दिसेनासं होतं आणि त्याचा आवाज भलत्याच बाजूने येतो. कुणी हात लावलेला नसतो तरी गोळे हलकेच झुलत राहतात. मधेच हौदातला एखादा चेंडू घरंगळतो – खाली कुणीतरी कूस बदलल्यासारखा.

तळाशी, गादीच्या कडेला, निळं कर्ण्यासारखं एक तोंड होतं. त्यात बोललं की नळीतून आवाज वर जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या तशाच तोंडातून बाहेर पडत असेल, असा माझा समज होता. आम्ही तिला बोलनळी म्हणायचो. भिंगरी गाल लावून तिथे तासन् तास उभी. भिंगरी, एका जागी.

"कुणाशी बोलतेस गं?"

"मुलाशी. शू… तो लपलाय. राज्य दुसऱ्यावर आहे."

मी वर बघितलं. जाळीत कुणी नव्हतं. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, तर त्या मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, "आज तुम्ही दोघीच."

मला घसरगुंडीतून काढणारा तो दुरुस्तीवाला शिडीवर होता. भिंगरीने एव्हाना त्याचं बारसं करून टाकलं होतं – पानाकाका. दर बुधवारी तो सगळे नट आवळून बघायचा. मी त्याला विचारलं, "या नळीचं वरचं तोंड कुठे आहे हो?"

तो थांबला. मग मला वर घेऊन गेला. जाळीच्या मागे, भिंतीशी. नळी तिथे कापलेली होती. वरचं तोंड नव्हतंच. कापलेल्या टोकासमोर, दोन बोटांवर, भिंतीतून लोखंडी पाइपाचा एक गंजलेला तुकडा बाहेर आला होता.

"वरचं तोंड मोडलं होतं. मागच्या वर्षी मीच काढलं," तो म्हणाला.

"आणि हा पाइप कुठे जातो?"

"कुठेच नाही. आत सिमेंट भरलंय. पूर्वी इथे गालिच्यांचं गोदाम होतं, तेव्हाचा आहे."

"मग भिंगरीला उत्तर कोण देतं?"

त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. "तुम्ही ऐकलंत?"

"मी नाही. ती सांगते."

"मुलं काय… काहीही बोलतात," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता त्या पाइपाकडे बघून म्हणाला.

आता खरं सांगायचं तर मी तेव्हाच तिथे जाणं बंद करायला हवं होतं. केलं नाही. कारण तिथे चहाचं मशीन होतं… आणि त्या मशीनपाशी साडेदहाला तो यायचा.

"दात बनवता म्हणजे नक्की काय करता?" त्याने एकदा विचारलं.

"डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. मी त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतते आणि त्यात बसतील असे दात घडवते. रस्त्यात माणसं भेटली की मला चेहरे आठवत नाहीत, दाढा आठवतात."

"मी भेटलो तर काय आठवेल?"

"काही नाही. तुम्ही तोंड मिटून हसता."

त्यावर तो खरोखर हसला, आणि मला दिसलं. "वरचा, पुढचा, डावीकडचा," मी म्हणाले. "कोपरा गेलाय. सरळ नाही तुटलेला, पायरी पडलीय. लहानपणी पडलात ना?"

"आठ वर्षांचा होतो."

"या एकदा. असा भरून देऊ की कळणारसुद्धा नाही."

"नको," तो म्हणाला. "मग तुम्हाला माझं आठवण्यासारखं काय राहील?"

मी चहात बघत बसले. चहा संपलेला होता.

असे बुधवार गेले. मी जे काही बोलायची ते तो मान जराशी कलती करून ऐकायचा, जणू दुरून येणारं गाणं ओळखू बघतोय. एवढं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला ते आवडायला लागलं होतं. फक्त एक गोष्ट मनात टोचायची. भिंगरी बोलनळीपाशी गेली की तो तिथून निघून जायचा. अगदी हातातलं काम टाकून.

पाचव्या बुधवारी भिंगरी धावत आली नाही. चालत आली.

"माऊ, तो रडतोय. मला नाही कळत काय बोलायचं. तू बोल."

मी वाकून निळ्या तोंडाशी कान नेला. गार हवा आली. हॉल उबदार होता, पण ही हवा कुठल्यातरी बंद खोलीतली होती… लोकर, धूळ आणि डांबरगोळ्यांचा वास असलेली.

"कोण आहे?" मी विचारलं.

आधी हॉलमधल्या पंख्याची घरघर. मग अगदी कानाशी – "तू कोण?"

मुलगा. सात-आठ वर्षांचा. रडून रडून नाक चोंदलेला.

"मी… माऊ." दुसरं काही सुचेना. "तू कुठे आहेस?"

"गोदामात. गालिच्यांच्या मागे. आम्ही लपंडाव खेळत होतो. मला कुणी शोधलंच नाही. मग कुणीतरी बाहेरून दार लावलं… आता अंधार झालाय."

"बरोबर कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही. आधी ती छोटी मुलगी बोलायची. आता तू."

मी तिथून मागे सरायला हवं होतं. पण पोराचा आवाज इतका खरा होता की भीतीच्या आधी तोंडातून शब्द गेले, "घाबरू नकोस. मी आहे इथे. मी कुठे जात नाही."

सहज वर नजर गेली. दुसऱ्या मजल्यावर, जाळीच्या मागे, पानाकाका आमच्याकडे पाठ करून भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

मी भिंगरीला उचललं, दोघींचे बूट हातात घेतले आणि पायमोज्यांनिशी रस्त्यावर आले. मी कुठे जात नाही म्हणाले होते, आणि पुढच्याच मिनिटाला निघाले होते.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुलं बोलतात गं नसलेल्या माणसांशी. ती चार वर्षांची आहे. तू तीस वर्षांची घोडी आहेस."

"ताई, मी ऐकलं."

"बरं, ऐकलंस. भिंगरीला पुन्हा तिथे न्यायचं नाही, विषय संपला. आणि तो पानेवाला कोण?"

"कोण पानेवाला?"

"भिंगरी म्हणते, माऊ त्याचे दात बघत असते."

मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

तो आठवडा वाईट गेला. प्लॅस्टर कालवताना, जबडे ओतताना, बसमध्ये… सारखं वाटायचं, एक पोर अंधारात बसलंय आणि मी त्याला शब्द देऊन पळून आलेय. असं मूल कुठे नसेलच, हेही मला कळत होतं. दोन्ही एकदम कळत होतं. बुधवारी मी एकटीच गेले.

"मूल कुठाय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"आज नाही आणलं."

"मग आत नाही सोडता येणार. मोठ्यांनी एकटं आत जायचं नाही."

"जाऊ द्या त्यांना," मागून आवाज आला. तो होता. "माझं काम आहे त्यांच्याकडे."

त्याने मला काय काम ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी सरळ जाऊन बोलनळीपाशी गुडघे टेकले.

"अरे… आहेस का?"

"आहे."

"बरा आहेस ना? इतके दिवस मी…"

"इतके दिवस काय? तू आत्ताच तर गेलीस. मी पन्नासपर्यंत मोजले."

माझा आठवडा, आणि त्याचे पन्नास आकडे.

"तोंडात रक्त लागतंय," तो म्हणाला. "दार शोधायला गेलो तर गालिचाच अंगावर आला. दात तुटला."

भीती होती तिथेच राहिली आणि माझा धंदा बोलायला लागला. "कुठला? दुधाचा की नवा?"

"नवा. पुढचा."

"हलतोय?"

"नाही."

"जीभ लावून बघ. टोक कसं लागतंय?"

जरा वेळ गेला. "टोक नाहीच आहे. पायरी आहे. छोटीशी पायरी."

"कुठल्या बाजूला?"

"ज्या हाताने मी जेवत नाही त्या."

मी हळूहळू सरळ झाले. तो माझ्यापासून तीन पावलांवर गादीच्या कडेला उभा होता. बूट काढलेले. तोंड किंचित उघडं, आणि जिभेचं टोक त्या तुटक्या दातावर. आपण काय करतोय ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"तुम्ही," मी म्हणाले.

"मी," तो म्हणाला.

ओरडून बाहेर पळावं असं त्या क्षणी का वाटलं नाही, कोण जाणे. नळीतून बारीक आवाज आला, "माऊ, गेलीस का?"

"नाही रे, आहे," मी आत म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "काय करू? सांगा ना. तुम्ही सुटलात कसे ते तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. पण मी तेव्हा इकडे नव्हतो, तिकडे होतो. मला फक्त तुमचा आवाज यायचा." त्याने ओठ ओले केले. "मी तोंड उघडलं आणि काही वेगळंच झालं तर? तो पोरगा तुमच्यावर विसंबून आहे. आणि मी त्याच्यावर."

म्हणजे तो भ्यायला होता. आपण इथे उभे आहोत ते उद्या नसू, याला.

मी डोळे मिटून विचार केला. आमच्या लॅबमध्ये प्लॅस्टरमधले बुडबुडे घालवायला एक थरथरणारं यंत्र असतं. ते लावलं की पाण्याच्या पाइपातून ती थरथर वर चढते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या कपबश्या वाजतात. ते दर आठवड्याला भांडायला येतात.

"ऐक," मी आत म्हणाले. "तुझ्या हाताला काय लागतंय?"

"पाइप. लोखंडी. यातूनच तर तू बोलतेस."

"तो पुढे कुठे जातो?"

"बाहेर. छपरावरचं पाणी येतं त्यातून. खाली रस्त्यावर पडतं."

"तुझ्या पट्ट्याला लोखंडी बक्कल आहे?"

"आहे."

"काढ पट्टा. बक्कल पाइपावर आपट."

"चड्डी पडेल."

"अंधारात कोण बघतंय तुझी चड्डी?"

तो हसला. चोंदलेल्या नाकाने, फुसकन. आणि माझ्या मागे, सत्तावीस वर्षांनी, अजून कुणीतरी तसंच हसलं.

ठण, ठण, ठण. थोडं थांबून पुन्हा ठण, ठण, ठण. निळं तोंड माझ्या बोटांखाली कापत होतं. हौदातले चेंडू आपोआप थरारत होते. काउंटरवरच्या बाई एकदा वाकून बघून गेल्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांना दिसत होती फक्त नळीशी बोलणारी एक बाई आणि तिच्या मागे बसलेला दुरुस्तीवाला.

"थांबू नकोस हां. उजाडलं की रस्त्यावर माणसं येतील."

"तू जाऊ नकोस."

"नाही जात."

या वेळी मी गेले नाही. माझी सकाळ सरत होती तशी तिकडे त्याची रात्रही सरत होती. गुडघे बधिर झाले, मान आखडली. त्याचा हात मंद व्हायला लागला, "झोप येतेय," म्हणाला, तेव्हा मी त्याला तोंडातले सगळे दात मोजायला लावले. पुढचे चार, मग सुळे, मग दाढा. अक्कलदाढ कधी येते, कुणाला येतच नाही… काय वाट्टेल ते बोलत राहिले. पानाकाका माझ्याशेजारी येऊन बसला होता. स्पर्श न करता. माझ्याबरोबर त्याचेही ओठ हलत होते. सुळे, दाढा. त्याला सगळं पाठ होतं.

मग नळीत, फार लांब, शटर वर गेल्याचा खडखडाट झाला. आणि एका पुरुषाचा आवाज – रात्रभर हाका मारून बसलेला. "पोरा… अरे पोरा, इथे होतास?"

माझ्या शेजारचा माणूस ताठ झाला.

"बाबा," तो म्हणाला. नळीत नाही, मलाही नाही. नुसतंच.

आत काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज आला. दोघांचं रडणं. मग मुलाचा आवाज, लांब जाणारा, "बाबा, माऊ आहे आत… माऊला पण काढा…" आणि संपलं. मी कान लावला. कोमट प्लास्टिक. पंख्याची घरघर.

मग तो सांगायला लागला. वडील त्या गोदामाचे रखवालदार होते. सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलं आत खेळत होती. नंतर कुणीतरी कुलूप लावलं आणि लोकांनी त्याला सगळीकडे शोधलं, बंद दाराच्या आत सोडून. पहाटे रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंना पाइपातून ठणठण ऐकू आली.

"मी सगळ्यांना सांगत सुटलो, आत माऊ होती, ती बोलत होती माझ्याशी. बाबांनी दुसऱ्या दिवशी मांजराचं पिल्लू आणून दिलं. काय करणार बिचारे. आता ते जाऊन सहा वर्षं झाली… आणि आज त्यांचा आवाज ऐकला."

"आणि ही नळी? तुम्हीच त्या पाइपापर्यंत आणून सोडलीत ना?"

"कापायचीच होती. कुठेही कापता आली असती," तो म्हणाला. "इथली दुरुस्ती घेतली त्याला तीन वर्षं झाली. वाटायचं, वेडेपणा आहे. मग त्या दिवशी घसरगुंडीतून तुम्ही बोललात."

त्याने हे इतक्या आनंदाने सांगितलं, आणि मी गादीवरून उठले. म्हणजे ती कलती मान. ते ऐकणं.

"म्हणजे तुम्ही या आवाजाची वाट बघत होता," मी म्हणाले. "चहा, गप्पा, सगळं… मला या नळीशी आणून बसवायला?"

त्याने उत्तर द्यायला उशीर केला. फार नाही, एखादा श्वास. मी बूट घातले आणि निघाले.

पुढचे दोन बुधवार मी भिंगरीला बागेत नेलं. तिने नळीचं नावसुद्धा काढलं नाही. एकदा मात्र झोपाळ्यावरून आपणहून म्हणाली, "तो गेला घरी," आणि जोरात झोका घेतला. मला मात्र अजून कुठूनही ठणठण ऐकू यायची. नळ गळला की, जिन्यात कुणाच्या किल्ल्या वाजल्या की. मी थांबून ऐकायची.

"पानेवाल्याचं काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, म्हणून चार दिवस भाजीत मीठ नाही का?"

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबबाहेर आले, तर तो पायरीवर बसलेला. निळ्या डगल्याऐवजी इस्त्रीचा शर्ट. मला बघून उठला.

"आत आलो नाही," म्हणाला. "दात दाखवायला आलो असं वाटलं असतं."

"मग कशाला आलात?"

"नळी काढून टाकली. भिंतीतला तुकडाही बुजवला. ते सांगायला."

"का काढली?"

"आता तिच्यात माझं कुणी नाही."

मी पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा.

"तुम्ही विचारलं होतंत," तो म्हणाला. "उत्तर द्यायला मला सतरा दिवस लागले. चालेल?"

"देऊन तर बघा."

"पहिल्या दिवशी मी आवाजासाठीच धावलो. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या बुधवारीसुद्धा त्याच्यासाठीच चहाला आलो. सत्तावीस वर्षांत मी त्या आवाजाला एक चेहरा देऊन टाकला होता… शांत, मोठी, कधी न चिडणारी अशी कुणीतरी बाई. आणि नळीतून पडलात तुम्ही. एक पायमोजा गुलाबी, एक करडा. आल्या आल्या माझ्याशी भांडलात."

"मी भांडले नाही."

"आत्ताही भांडताय." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "मला तर थोडा रागच आला होता. ही कोण, म्हणून. मग पुढे पुढे… मी आवाज ऐकायचा विसरायला लागलो. तुम्ही काय म्हणताय ते ऐकायला लागलो."

समोरच्या रस्त्याने एक हातगाडी खडखडत गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"त्या शेवटच्या दिवशी तुम्ही नळीशी वाकला होता आणि मी मनात म्हणत होतो, हे लवकर संपू दे. म्हणजे तुम्ही इकडे वळाल. तिकडे मीच अडकलोय, मीच रडतोय… आणि मला त्या पोराचा हेवा वाटत होता."

"स्वतःचाच?"

"त्याला तुम्ही 'अरे' म्हणत होता."

मला हसू आलं, दाबलं. "तो आठ वर्षांचा होता."

"मी वाढलो त्यात माझी काय चूक?" तो म्हणाला. मग इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. आवाज नसता, तुम्ही मुक्या असता, तरी झालं असतं… जरा उशिरा झालं असतं, एवढंच."

मला भीती वाटत होती. त्याची नाही. आम्ही दोघांनी जे ऐकलं होतं ते जगात दुसऱ्या कुणाला सांगता येणार नव्हतं, आणि असं काही ज्याच्याबरोबर ऐकलं त्या माणसापासून उठून दूर जाता येतं का, याची. सतरा दिवस मी ते करून बघितलं होतं.

"काहीतरी बोला ना," तो म्हणाला.

मी मुद्दाम काही बोलले नाही. मधली जागा सरकून पार केली आणि त्याचा हात हातात घेतला. माझ्या बोटांना प्लॅस्टर लागलेलं होतं, त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर पांढरे ठसे उमटले. त्याने ते झटकले नाहीत. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान अजिबात कलती न करता, सरळ, माझं गप्प राहणं ऐकत बसला.

आतून मला हाक आली – सुट्टी संपली म्हणून. मी ओ दिली नाही.